गादीच्या खोळीतली प्रयोगवही

माझ्या भाचीला अभ्यासाचं टेबल आहे, टेबलाला खण आहेत, खणांवर रंगीत चिठ्ठ्या आहेत. तरी परीक्षा आली की तिचा एक कागद जागेवर सापडत नाही आणि ती सगळं घर डोक्यावर घेते. बाकीचे हसतात. मला हसू येत नाही, सरळ राग येतो. दहावीच्या वर्षी मला वीतभर सपाट जागा मिळाली असती, जिथे ठेवलेला कागद दुसऱ्या दिवशी तसाच सापडला असता, तर मी देवाकडे आणखी काही मागितलं नसतं.

आमची चाळ घाटकोपरला डोंगरावर होती. आधी पायऱ्या, मग चढण, मग परत पायऱ्या. नवा पाहुणा दारात आला की नुसता धापा टाकत बसायचा. खोली एकच. तिच्यात आई, बाबा, आजोबा, मी आणि माझ्या पाठची दोन भावंडं. या खोलीत कुठलीच जागा दिवसभर एका कामाची नसे. सकाळी अंथरुणं उचलली की तिथेच आई तांदूळ निवडायची, दुपारी तिथेच पानं मांडली जायची, संध्याकाळी तिथेच शेजारणी येऊन टेकायच्या. माळ्यावर कागद ठेवावेत तर पत्रा गळका. फळीवर ठेवावेत तर फोडणीची वाफ. ट्रंकेत ठेवावेत तर ट्रंकेवरचे डबे आणि डब्यांवरच्या पिशव्या उतरवताना आईचं डोकं फिरायचं. जमिनीवर ठेवलेला कागद धाकट्यांच्या हाती लागला की त्याची होडी झालीच म्हणून समजायचं. आणि कागद काय थोडे होते? सरावाच्या प्रश्नपत्रिका, भूगोलाचे नकाशे, मैत्रिणीकडून उतरवून आणलेल्या नोट्स, आणि सगळ्यात वर प्रयोगवही.

ही प्रयोगवही म्हणजे वही नव्हतीच. आमचे विज्ञानाचे सर प्रयोग सुट्या कागदांवर लिहायला लावायचे. जाड, कडक कागद, एका बाजूला रेघा, दुसरी बाजू आकृतीसाठी कोरी. प्रत्येक प्रयोगावर सर लाल पेनानं सही करायचे आणि कागद परत द्यायचे. वर्षाच्या शेवटी सगळे कागद पुठ्ठ्यात घालून लेसनं बांधायचे आणि सरांकडून पूर्ण झाल्याचा दाखला घ्यायचा. दाखला नसेल त्याला प्रॅक्टिकलला बसू देणार नाही, हे सर जूनपासून ऐकवत होते. प्रॅक्टिकल गेलं की मार्चमधली दहावीची परीक्षा गेली. आणि कागदाला घडी पडलेली त्यांना खपत नसे. माझ्या एका कागदाला आईच्या हाताची हळद लागली होती तर त्यांनी सगळ्या वर्गासमोर त्याच्यावर फुली मारली आणि विचारलं, "प्रयोग केलास की आमटी?"

आजोबा गिरणीतून निवृत्त झालेले. अर्धांगानं त्यांची उजवी बाजू गेली होती. दाराशेजारी लाकडी फळ्यांची खाट होती, तिच्यावर ते कायमचे पडून असत. घरातली सगळी अंथरुणं सकाळी उचलली जायची, हे एकच कधी उचललं जात नसे. एके दिवशी ते माझ्या लक्षात आलं आणि मला माझं कपाट सापडलं. आईनं जुन्या पडद्याच्या कापडाची खोळ गादीला शिवली होती, तिला एका बाजूनं नाड्या होत्या. वर मेणकापड अंथरलेलं, त्यामुळे ओल आत जायची भीती नव्हती. मी नाड्या सोडून कागद आत सरकवले. पायांकडे नकाशे, उशाकडे गणिताच्या प्रश्नपत्रिका आणि मध्ये, जिथे वजन जास्त, तिथे प्रयोगवही. आधी मी ते गादीच्या खालच्या अंगाला ठेवून पाहिले, तर फळ्यांमधल्या फटींचे वळ कागदावर उठले. मग वरच्या अंगाला, गादी आणि खोळ यांच्या मध्ये घातले. सकाळी काढले तर इस्त्री केल्यासारखे. मला इतका आनंद झाला की मी आजोबांच्या कपाळाचा मुका घेतला.

आजोबांना ही व्यवस्था फार आवडली होती. दिवसभर करण्यासारखं त्यांना दुसरं होतं तरी काय? मी शाळेतून आले की त्यांना कुशीवर वळवायची, ते चांगल्या हातानं खाटेची कड धरून राहायचे आणि मला हवा तो कागद मी काढून घ्यायची. "भिंगाचो प्रयोग खंय ठेवलंस, ता माका विचार," असं त्यांच्या मालवणीत म्हणायचे, आणि खरंच सांगायचे. एकदा मी विचारलं होतं, टोचत नाही ना? तर म्हणाले, "माझी पाठ दगड झाली हा गो चेडवा. माका काय कळणा नाय. तुझे कागद खंय जावचे नाय, मी आसंय मां हयसर."

फेब्रुवारीत ते गेले. सकाळी आई चमच्यानं चहा पाजत होती, दुसरा चमचा ओठांवरून खाली आला. बघता बघता चाळ गोळा झाली. विक्रोळीहून चुलत काका आले, मानखुर्दची आत्या आली. रडणं, सूचना, बांबू, मडकं, सगळं एकदम चाललं होतं आणि मी पाणी दे, ताट दे, कापड दे असं जो म्हणेल त्याला देत सुटले होते. आजोबांना खाली जमिनीवर घेतल्यावर काकांनी खाटेकडे पाहिलं.

"ह्या अंथरूण घरात ठेवायचा नाय. गुंडाळा. सुतळी आण गो."

मी फळीवरून सुतळीचा गुंडा काढला आणि त्यांच्या हातात दिला. माझ्या हातानं. गादी गुंडाळताना ते कडक कागद वाजलेच असणार, पण त्या रडारडीत कोणाला ऐकू येणार? काकांनी गुडघा रोवून गुंडाळी आवळली, गाठ मारली आणि एका शेजाऱ्याच्या डोक्यावर दिली. आधी आजोबा पायऱ्या उतरून गेले, मागून गादी.

पुरुष गेल्यावर बायकांनी खोली धुवायला घेतली. मी बादली घेऊन खाटेवर पाणी ओतलं. उघड्या फळ्यांवरून पाणी फटींमधून खाली पडलं. फळ्या मी बघत राहिले. फटी मी बघत राहिले. हातातली बादली मी नक्की कुठे ठेवली ते मला आजही आठवत नाही.

आई कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. मी तिच्या कानाशी जाऊन म्हटलं, "आई, माझी प्रयोगवही गादीत होती."

तिनं माझ्याकडे पाहिलं, कोणी परकं माणूस आल्यासारखं. "आत्ता?" एवढंच म्हणाली. मग दातांवर दात ठेवून, "गप राहा. बायका बसल्यात."

आणि मला रडू फुटलं. तोवर मी एक टिपूस काढलं नव्हतं. आता मी जमिनीवर बसून हंबरडा फोडला. वर्षभराच्या सह्या, वर्षभराच्या आकृत्या. नापास होणार, शाळा सुटणार, पुढच्या जूनला मी याच फरशीवर तांदूळ निवडत बसणार, हे मला डोळ्यांपुढे दिसत होतं. आत्यानं मला पोटाशी धरलं आणि सगळ्यांना सांगितलं, "आजोबांचो भारी लळो होतो तिका." बायका मान हलवत डोळे पुसायला लागल्या. मला तिला ढकलून द्यावंसं वाटलं. माझा आजोबा मेलाय आणि मी कागदांसाठी रडतेय, हे मला कळत होतं आणि तरी थांबवता येत नव्हतं. अशी लाज मला पुढे कधी वाटली नाही.

मी आत्याचा हात सोडवला आणि अनवाणी पळत सुटले. बायकांनी स्मशानाकडे जायचं नसतं, मुलींनी तर नाहीच, हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण डोकं ठिकाणावर होतंच कुठे? पायऱ्या उतरले, पिठाच्या गिरणीवरून वळले आणि नाल्याच्या पुलावर समोरून आमची माणसं परत येताना दिसली. पुढे ओला पंचा गुंडाळलेला एक तुळतुळीत डोक्याचा माणूस होता. तो माझा बाप आहे हे कळायला मला क्षणभर लागलं.

"बाबा, गादी कुठे टाकलीत?"

काका उसळले. "ही हय कशी इली? घराकडे चल आधी! लाज नाय वाटत?"

"बाबा, माझी प्रयोगवही आहे तिच्यात. सह्या झालेली. ती नसली तर परीक्षेला बसू देणार नाहीत हो."

आमच्यात स्मशानातून निघालेल्या माणसानं मागे वळून बघायचं नसतं, आणि ज्यानं अग्नी दिला त्यानं तर अजिबात नाही. गेलेल्याचा जीव घुटमळतो म्हणतात. माझे वडील या बाबतीत फार कर्मठ. मांजर आडवं गेलं तरी ते थांबून, चप्पल झटकून मग पुढे जाणारे. ते पुलाच्या मध्यावर उभे राहिले. मग माझा दंड धरला आणि वळले.

"पाठी फिरू नको रे! अरे, पाठी फिरू नको!" काका ओरडत राहिले. बाबा इतक्या झपाझप चालत होते की मला धावावं लागत होतं.

स्मशानाच्या मागच्या भिंतीला लागून लोकांनी टाकलेली अंथरुणं पडायची. कोणीतरी त्या ढिगाला काडी लावली होती. कापूस पेट घेत नाही चटकन, आत आत धुमसत राहतो. आमची गादी मी पडद्याच्या कापडावरून ओळखली. बाबांनी कमरेचा ओला पंचा काढला, आत चड्डी होती तेवढ्यावर उभे राहिले आणि पंच्यानं गादी झोडपायला सुरुवात केली. सुतळी जळून गेली होती. गुंडाळी लाथेनं उलगडली, धुराचा लोट आला, आणि आम्ही दोघांनी हात घातले. भिंतीपलीकडे आजोबा जळत होते आणि अलीकडे आम्ही त्यांच्या गादीतून कागद ओढून काढत होतो.

गणित गेलं, नकाशे गेले. प्रयोगवही गुंडाळीच्या आतल्या पदरात होती, ती निघाली. चारही कडा काळ्या, काही कागदांचे कोपरे हातात घेताच गळून पडले, पण आकडे वाचता येत होते. लाल सह्या दिसत होत्या. बाबांच्या बोटांना फोड आले होते. घरी आल्यावर काकांनी जे तोंड सोडलं ते बाबांनी खाली मान घालून ऐकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मी ते कागद वर्तमानपत्रात गुंडाळून शाळेत गेले. सर शिक्षकांच्या खोलीत डबा खात होते.

"सर, माझे आजोबा वारले. त्यांच्या अंथरुणाबरोबर माझी प्रयोगवही..."

"फेब्रुवारी आला की दहावीच्या पोरांचे आजोबा मरायला लागतात," सर घास चावत म्हणाले. शेजारच्या बाई हसल्या. "गेल्या वर्षी एकाचे तर दोनदा मेले. पूर्ण असेल तर दाखव, नसेल तर पुढच्या वर्षी भेटू."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी वर्तमानपत्र उलगडलं आणि कागद त्यांच्या डब्याशेजारी टेबलावर ठेवले. काळा भुगा टेबलभर पसरला. धुराचा वास आला आणि त्यात दुसराही एक वास होता.

"हे काय? कुठून आणलंस?"

"स्मशानातून, सर."

सरांनी हात असा मागे घेतला की डब्याचं झाकण खाली पडलं. "उचल! उचल ते आधी!" खुर्ची मागे सरकवून ते उभेच राहिले. वैज्ञानिक दृष्टिकोनावर आम्हांला निबंध पाठ करायला लावणारा हा माणूस, भिंतीला पाठ लावून उभा होता. मी कागद उचलले नाहीत. मुद्दामच उचलले नाहीत. "सर, सह्या तुमच्याच आहेत. बघून घ्या ना."

"मी हात लावणार नाही त्याला," ते म्हणाले. "सगळं नवीन लिही. वाचनं, आकडे हीच घे. आकृत्या नव्या. पुढच्या सोमवारपर्यंत आणलंस तर नव्यानं सह्या करीन. पण हे परत शाळेत आणायचं नाही, समजलं?"

भीतीपोटी का होईना, मला वेळ मिळाला होता. आत्ताच सांगून टाकते, मी वही वेळेत पूर्ण केली, दाखला मिळाला, प्रॅक्टिकलला बसले आणि पास झाले. ज्यांना तेवढंच जाणून घ्यायचं होतं त्यांचं काम झालं. मला मात्र त्याच्या अलीकडची एक दुपार सांगायची आहे.

वर्षभराचं लिखाण त्या थोड्या दिवसांत उतरवायचं म्हणजे वेड लागायची पाळी होती. घर पाहुण्यांनी भरलेलं. दारात चपलांचा ढीग, आत सुतकाची बिनफोडणीची जेवणं, जो येईल त्याला आजोबा कसे गेले ते आई पुन्हा सांगायची. बसायला जागा नव्हती. खाट मात्र रिकामी होती. तिच्या उशाशी जमिनीवर दिवा लावून ठेवला होता आणि खाटेवर कोणी बसत नव्हतं. मी बसले. आत्या काही बोलणार होती, आई म्हणाली, "बसू दे तिला." एवढं बोलून ती चहा टाकायला वळली.

कागद उचलून बघायचा, आकडा लक्षात ठेवायचा, लिहायचा, यात कडा गळत होत्या. दोन ओळींमध्ये तीन चुका. एक पान मी फाडून टाकलं, मग दुसरं, आणि मग कपाळ गुडघ्यावर टेकून बसले. होणार नाही हे, मी मोठ्यानं म्हटलं. बाबा तिथेच खाटेशेजारी चटईवर बसून होते. सुतकात त्यांना कामावर जायचं नव्हतं. त्यांनी माझ्या मांडीवरून जळके कागद उचलले.

"मी वाचतो, तू लिही."

ते आठवी शिकलेले. पण आकडे ते कारखान्यातल्या सवयीनं नीट, सुटे सुटे वाचायचे. "बहिर्वक्र भिंग. वाचन पहिलं, दहा पूर्णांक दोन." मी लिहायची. "लिहिलंस?" मी हो म्हणायची. "वाचन दुसरं." कितीतरी दिवसांनी माझा हात सरळ चालायला लागला. एका मागून एक पान होत गेलं. होईल पुरं, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

मग ते थांबले. हातातल्या कागदावर मध्यभागी, वरचं मेणकापड विरलं होतं तिथे, मोठा पिवळा डाग होता. त्यांनी तो नाकाशी नेला. आजोबांच्या पाठीला लावायच्या तेलाचा वास होता. मग त्यांनी कागदाच्या न जळलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला.

"हे नक्की कुठे असायचे गं?"

"पाठीखाली."

"गादीच्या खालच्या बाजूला ना?"

"नाही. वरच्या. खाली फळ्यांचे वळ उठायचे."

बाबांनी दिव्याची वात पुढे सारली. त्यांचं ते नवीन, बोडकं डोकं मला बघवत नव्हतं.

"दिवाळीनंतर त्यांच्या पाठीला जखमा झाल्या होत्या," ते म्हणाले. "तू शाळेत गेलीस की आई आणि मी पुसायचो. डॉक्टर म्हणाले, कापसाच्या गाठी झाल्यात, गादी पिंजून घ्या. मी पिंजाऱ्याला वर घेऊन आलो होतो. एवढा डोंगर चढून तो दारात उभा, आणि आजोबांनी त्याला हाकलला. गादीला हात लावायचा नाय म्हणाले. मार्च होवंदे, मगे ये."

मी पेन खाली ठेवलं.

"मी किती बोललो त्यांना. हट्टी म्हणालो. सडाल म्हणालो याच गादीवर. मार्चचं काय मध्येच काढलं ते मला तेव्हा कळलंच नाही."

मला ते सगळे कागद, जुने आणि नवे, फाडून त्या दिव्यावर धरावेसे वाटले. पाठ दगड झाली हा, म्हणाले होते. मी शाळेतून येऊन त्यांना कुशीवर वळवायची, तेव्हा ते खाटेची कड इतकी घट्ट का धरायचे, ते मला त्या उघड्या फळ्यांवर बसल्यावर समजलं. आता मी रडले ती त्यांच्यासाठी. या वेळी पाहुण्यांपैकी कोणाचं लक्ष नव्हतं.

"लिही," बाबा म्हणाले.

"मला नाही लिहायचं."

"लिही गं. त्यांनी मार्च म्हटलं होतं."

त्यांनी पुढचा कागद उचलला. "वाचन तिसरं," ते म्हणाले आणि आकडा सांगितला. मी लिहिला नाही. त्यांनी पुन्हा सांगितला. मी पेन उचलेपर्यंत ते तोच आकडा सांगत राहिले, आणि त्यांचाही आवाज शेवटी शेवटी फुटायला लागला होता, पण कागद त्यांनी खाली ठेवला नाही.